नोकरीला भाषेची अट : हक्काची की अडवणुकीची?

दोन भाषा येणाऱ्यालाच नोकरी, ही अट बरोबर की अन्यायाची? निलंग्यासारख्या सीमेवरच्या तालुक्यात उत्तर देणं सोपं नाही. कारण आपण कुठे उभे आहोत त्याप्रमाणे आपलंच उत्तर बदलतं.

‘पाहिजेत : रिसेप्शनिस्ट, अकाउंट असिस्टंट, रिकव्हरी बॉय. इंग्लिश व हिंदी फ्लुएंट असणे आवश्यक.’

तालुक्यातल्या कोणत्याही जॉब ग्रुपवर जा, अशी जाहिरात अधूनमधून पडतेच. तुम्हीही वाचली असेल. बी.कॉम. झालंय, टॅली येतं, गाडी आहे, लायसन्स आहे. सगळं जुळत येतं आणि ‘फ्लुएंट’ या शब्दापाशी गाडी अडते. मग ती जाहिरात मित्राला फॉरवर्ड होते आणि निलंगा राईसच्या गाड्यावर तिच्यावर चर्चा होते. रिकव्हरीला जायचं औराद शहाजानी नाहीतर कासारशिरसीच्या बाजूला. तिथं समोरचा माणूस काय इंग्लिश बोलायलाय का? मग पोराला कशाला पायजे फ्लुएंट इंग्लिश? सगळ्यांचं एकमत होतं, की ही अट म्हणजे मराठी मीडियमवाल्याला दारातच अडवायचा प्रकार आहे.

आता दुसरं चित्र. आजीला घेऊन तुम्ही बँकेत गेलात. निराधार योजनेचे पैसे जमा झाले का, एवढंच विचारायचंय. काउंटरवरचे साहेब दुसऱ्या राज्यातून नुकतेच बदलून आलेले. आजी मराठीत सांगते, साहेब हिंदीत विचारतात आणि शेवटी ‘केवायसी’ एवढाच एक शब्द दोघांना कळतो. तुम्ही चिडता. महाराष्ट्रात काउंटरवर बसायचं तर मराठी यायलाच पाहिजे, यावरही सगळ्यांचं एकमत होतं.

गंमत बघा. पहिल्या वेळी भाषेची अट अन्यायाची वाटली, दुसऱ्या वेळी ती नसणं अन्यायाचं वाटलं. दोन्ही वेळी बोलणारे आपणच होतो. मग आपण दुटप्पी आहोत का? मला वाटतं, नाही. दोन्ही ठिकाणी आपलं म्हणणं बरोबर असू शकतं. फक्त ते का बरोबर आहे, हे आपल्याला सांगता यायला हवं. नाहीतर ‘आपली भाषा ती हक्काची, दुसऱ्याची ती सक्तीची’ एवढंच आपलं धोरण उरतं.

घटना काय म्हणते?

स्पर्धा परीक्षा करणाऱ्यांना कलम १६ पाठ असतं. सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी. त्याच्या दुसऱ्या उपकलमात एक यादी आहे. केवळ धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवास या कारणावरून कुणालाही सरकारी नोकरीसाठी अपात्र ठरवता येणार नाही, असं ते सांगतं. ही यादी परत एकदा सावकाश वाचा. तिच्यात ‘भाषा’ नाही.

आता कलम २९ चं दुसरं उपकलम बघा. सरकारी किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत प्रवेश नाकारण्याबद्दलचं. त्या यादीत धर्म, वंश, जात यांच्याबरोबर ‘भाषा’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे शाळा-कॉलेजात केवळ भाषेवरून कुणाला बाहेर ठेवता येत नाही, पण सरकारी नोकरीसाठी भाषा येण्याची अट घालायला घटनेची सरसकट मनाई नाही.

यामागचा फरक समजण्यासारखा आहे. जात किंवा जन्मस्थान माणसाला बदलता येत नाही, भाषा शिकता येते. शिवाय तहसीलच्या कारकुनाला लोकांचे अर्जच वाचता येत नसतील तर त्याचं काम होणार कसं? तिथं भाषा हे त्याचं हत्यार आहे, जसं ड्रायव्हरला लायसन्स.

पण याचा अर्थ भाषेच्या नावावर काहीही चालतं, असा नाही. आंध्र प्रदेशातलं एक प्रकरण यासाठी माहीत असायला हवं. तिथं पदवी तेलुगू माध्यमातून घेतलेल्या उमेदवारांना सरकारी भरतीत ५ टक्के जादा गुण दिले जात होते. सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्ये ही सवलत समानतेच्या कलमांत बसत नाही म्हणून रद्द केली. सरकारी कामाला तेलुगू यायला हवी, हे कुणी नाकारलं नव्हतं. पण तेलुगू येणं वेगळं आणि तेलुगू माध्यमातून शिकणं वेगळं. इंग्रजी माध्यमातून पदवी घेतलेल्या उमेदवारालाही तेलुगू चांगली येत असेल, तर फक्त माध्यमाच्या जोरावर दुसऱ्याला पुढे काढायचं कारण उरत नाही.

आपल्याकडे रिक्षाचं प्रकरण झालं. नवीन परवान्यासाठी मराठी सक्तीची करणारं परिवहन विभागाचं २०१६ चं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०१७ मध्ये रद्द केलं. रिक्षावाल्याला प्रवाशाची भाषा आली तर बरंच आहे. तरी एखाद्याच्या पोटापाण्याच्या परवान्याला अट जोडायची तर तिला नियमाचा पक्का आधार लागतो. नुसत्या परिपत्रकावर भागत नाही.

बँकेची परीक्षा, मराठीचा पेपर कुठंय?

बँकेचा अभ्यास करणारा एक तरी मित्र तुमच्या ओळखीत असेलच. त्याला विचारा. क्लार्कच्या भरतीत ज्या राज्यातल्या जागेसाठी अर्ज करायचा, त्या राज्याची भाषा लिहिता, वाचता, बोलता यायला हवी, अशी अट असते. स्टेट बँकेत दहावी-बारावीला ती भाषा विषय म्हणून शिकल्याची मार्कमेमो दाखवली की झालं. नसेल तर भाषेची चाचणी द्यावी लागते. ही अट आपल्या आजीसाठी आहे. ती योग्यच आहे.

परीक्षेची भाषा हा वेगळा मुद्दा. ग्रामीण बँकांची परीक्षा इंग्रजी आणि हिंदीशिवाय १३ प्रादेशिक भाषांत घेण्याची घोषणा अर्थमंत्र्यांनी जुलै २०१९ मध्ये संसदेत केली. सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीसाठी तशीच शिफारस सप्टेंबर २०२१ मध्ये आली. या १३ भाषांत मराठी आहे. गणित आणि रिझनिंगचे प्रश्न आपल्या भाषेत वाचायला मिळणं ही निलंग्याच्या पोरापोरींसाठी मोठी गोष्ट आहे. गणित येत असूनही प्रश्नाचं इंग्रजी न कळल्यामुळे गेलेले मार्क ज्यांनी मोजलेत, त्यांना ती जास्त कळेल.

पण थोडं खोलात जा. ग्रामीण बँकेच्या ऑफिस असिस्टंटच्या मुख्य परीक्षेत ४० गुणांचा भाषेचा पेपर असतो. इंग्रजी किंवा हिंदी, दोन्हीपैकी एक निवडायची. मराठीचा पर्याय नाही. म्हणजे ज्याची भाषा हिंदी, त्याला ४० गुण आपल्या घरच्या भाषेत मिळवता येतात आणि मराठी, कन्नड किंवा तेलुगूवाल्याला ते शिकलेल्या भाषेत मिळवावे लागतात. बँक ग्रामीण, गिऱ्हाईक मराठी आणि मराठीला मात्र गुण शून्य. तिथं मराठी फक्त पात्रतेपुरती. या अटीला भेदभाव म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण ‘दोन्हीला समान संधी’ असं तरी म्हणता येत नाही.

आणखी एक फट आहे. क्लार्कला स्थानिक भाषा सक्तीची, पण देशभर बदली होणारा प्रोबेशनरी ऑफिसर ज्या भरतीतून येतो तिथं एका राज्याची भाषा येण्याची अट नसते. त्यामुळे फॉर्म घेणाऱ्या ताईंना मराठी येतं आणि कर्ज मंजूर करणाऱ्या साहेबांना येत नाही, असं होऊ शकतं. शेतकऱ्याला आपली अडचण समजावून सांगायची गरज तर साहेबांपुढेच जास्त असते. मे २०२५ मध्ये बेंगळुरूजवळच्या एका बँक शाखेत कन्नड बोलण्यावरून मॅनेजर आणि ग्राहकाची खडाजंगी झाली, व्हिडिओ देशभर फिरला आणि मॅनेजरची बदली झाली. त्याच्या महिनाभर आधी महाराष्ट्रातही बँकांमधल्या मराठीवरून आंदोलन झालं होतं. बदलीनं किंवा दमदाटीनं तो एक माणूस हलतो. भरतीतली फट तशीच राहते आणि पुढचा माणूस त्याच फटीतून येतो.

तलाठ्याला इंग्रजी किती लागतं?

आता जरा आपल्या घरात डोकावू. बँका केंद्राच्या म्हणून बोट दाखवणं सोपं. पण आपल्या राज्याच्या परीक्षांचं काय?

२०२३ ची तलाठी भरती आठवा. तालुक्यातल्या अभ्यासिका तेव्हा रात्री उशिरापर्यंत भरलेल्या असायच्या. पेपर २०० गुणांचा. मराठी ५०, इंग्रजी ५०, सामान्य ज्ञान ५०, अंकगणित-बुद्धिमत्ता ५०. म्हणजे सातबारा, फेरफार, पंचनामा अशी बहुतेक कामं मराठीत करणारा माणूस निवडताना इंग्रजीला आणि मराठीला अगदी सारखं वजन. जागा एका मार्कावर जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथं इंग्रजीचे ५० गुण कुणाच्या बाजूला झुकतात? लातूरला क्लास लावू शकणाऱ्याच्या, की हासोरी-हलगऱ्याहून येऊन-जाऊन अभ्यास करणाऱ्याच्या?

इंग्रजी नकोच, असं मी म्हणत नाही. संगणक, ऑनलाइन प्रणाली, कोर्टाचे आदेश यांसाठी कामापुरतं इंग्रजी यायलाच हवं. पण कामापुरतं इंग्रजी तपासायचं तर पास-नापासचा पेपर पुरतो. राज्यसेवेच्या नव्या मुख्य परीक्षेत आयोगानं मराठी आणि इंग्रजीचे पेपर तसेच ठेवलेत. त्यांत किमान गुण मिळवायचे, पण ते अंतिम यादीत मोजले जात नाहीत. तिथं भाषा उंबरठ्यासारखी आहे, एकदा ओलांडला की पुढची स्पर्धा विषयांची. हीच पद्धत तलाठ्यासाठी का नको?

एका जिल्ह्याचे तीन तुकडे

हा सगळा विषय निलंग्यात बसून बघितला की आणखी वेगळा दिसतो.

आपला तालुका एकेकाळी बीदर जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यरचना झाली आणि हैदराबाद संस्थानाचा हा जिल्हा फुटला. निलंगा, उदगीर आणि अहमदपूर मुंबई राज्यात आले. भालकी, औराद, हुमनाबाद आणि बीदर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले, ते आता तेलंगणात आहेत. एका जिल्ह्यातले लोक तीन राज्यांत गेले आणि त्यांच्या नोकरीच्या भाषाही तीन झाल्या. सोयरिकी मात्र तशाच राहिल्या. तुमच्यापैकी कितीजणांची आत्या, मावशी किंवा मामा भालकीकडचे आहेत, बघा.

समजा तुमची मामेबहीण भालकीत राहते. घरात मराठी, शाळा मराठी. कर्नाटक सरकारच्या नोकरीसाठी तिला कन्नड यायला हवं आणि तसं परीक्षेत सिद्ध करावं लागतं. आता तुमचं मत काय? आपल्या बँकेतल्या साहेबांना मराठी यायलाच पाहिजे, हे गाड्यावर ठरलेलं आहे. मग भालकीच्या तहसीलमध्ये कन्नड बोलणाऱ्या म्हातारीचा अर्ज घेणाऱ्या तुमच्या बहिणीला कन्नड यायला हवं की नको? इथं ‘हो’ म्हणता येत नसेल तर तिथं मराठीची मागणी करताना आपला आवाज थोडा खाली येतो. आणि उलटही खरं आहे. तिला अर्जाच्या दिवशीच कन्नड हवी म्हणून दारातून परत पाठवणं अन्याय वाटत असेल, तर निलंग्यात येणाऱ्या परप्रांतीय नोकरदारालाही शिकायला वेळ द्यावा लागेल.

हा काही माझ्या डोक्यातून आलेला तोडगा नाही. राज्यांची फेररचना झाली त्याच वर्षी, १९५६ मध्ये, केंद्र सरकारनं भाषिक अल्पसंख्याकांसाठी संरक्षणाचं निवेदन काढलं आणि १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत त्यावर सहमती झाली. त्यातला एक मुद्दा थेट आपल्या विषयाचा आहे. राज्याच्या नोकरीत भरतीच्या वेळी राज्यभाषा येण्याचा आग्रह धरू नये, ती येते की नाही याची परीक्षा परिविक्षा काळ संपण्याआधी घ्यावी. थोडक्यात, आधी नोकरी द्या, मग ठरावीक मुदतीत भाषा शिकायला लावा आणि नाही शिकला तर पक्का करू नका. महाराष्ट्रात भाषा संचालनालय सरकारी कर्मचाऱ्यांची मराठीची परीक्षा घेतं, ते याच वाटेनं जाणारं आहे. ग्रामीण बँकांच्या नियमांतही स्थानिक भाषा न येणाऱ्याला सहा महिन्यांची सवलत आहे. ती वाढवता येते, पण परिविक्षेच्या पुढे नाही. वाट तर आखलेली आहे. प्रश्न तिच्यावरून सगळी राज्यं आणि सगळी खाती चालतात का, हा आहे.

सीमेपलीकडच्या मराठी उमेदवारांसाठी महाराष्ट्रानं एक दार उघडं ठेवलंय. आपल्या भरतीच्या जाहिरातीत एक ओळ असते, जी आपण न वाचता पुढे जातो. महाराष्ट्रानं दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांना इथं अर्ज करता येतो. त्यात बीदर जिल्ह्यातली गावंही आहेत. म्हणजे तुमच्या मामेबहिणीची आणि तुमची गाठ निलंग्याच्या एखाद्या परीक्षा केंद्रावर पडू शकते.

दुसरीकडे कर्नाटकनं काय करून पाहिलं तेही बघा. जुलै २०२४ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळानं खासगी उद्योगांतही व्यवस्थापनाच्या ५० टक्के आणि इतर ७० टक्के जागा स्थानिकांना देण्याच्या विधेयकाला मंजुरी दिली. ‘स्थानिक’ कोण? राज्यात जन्मलेला, पंधरा वर्षं राहिलेला आणि कन्नड लिहिता, वाचता, बोलता येणारा. दहावीला कन्नड विषय नसेल तर चाचणी द्यावी लागणार होती. उद्योगांनी आरडाओरडा केला आणि काही दिवसांतच सरकारनं विधेयक बाजूला ठेवलं. इथं भाषा कामासाठी मागितलेली नव्हती. कोण आपला आणि कोण परका, हे ओळखायची ती खूण होती. मशीनवर काम करणाऱ्याला कन्नड किती येतं यानं मशीनला काही फरक पडत नाही. भाषा अशी वापरली की अट आणि भेदभाव यांच्यातली रेघ पुसली जाते.

आजोबांच्या काळातली उर्दू

मराठवाड्याला हे नवीन नाही. निजामाच्या राज्यात सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. इथली बहुसंख्य प्रजा मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी. कचेरीत नोकरी हवी तर उर्दू शिका, कचेरीत काम असेल तर उर्दू जाणणारा माणूस शोधा. काउंटरच्या पलीकडच्या लोकांना जी भाषा येत नाही, तीच काउंटरची भाषा. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांना जे मिळालं, त्यात हेही होतं, की कचेरी हळूहळू आपल्या भाषेत बोलायला लागली.

म्हणून उर्दूचा राग करायचा? अजिबात नाही. २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली. तेव्हा जुन्या दप्तरांचे रुमाल सोडले, तर आत मोडी आणि उर्दू. ते वाचणारी माणसं शोधावी लागली. पिढ्यान्‌पिढ्या पडून असलेला कागद ज्यांना वाचता येत होता, त्यांच्यावाचून काम पुढे जाईना. ‘मोडी किंवा उर्दू वाचता येणे आवश्यक’ ही अट तिथं कुणालाच अन्यायाची वाटली नाही, कारण कामच ते होतं. भाषा तीच उर्दू. एकेकाळी ती लोकांना बाहेर ठेवत होती, आता ती लोकांच्या नोंदी उघडून देते.

कॅनडा हे कसं करतं?

दोन भाषांच्या नोकरीचा सगळ्यात मोठा अनुभव कॅनडाकडे आहे. तिथं १९६९ च्या कायद्यानं इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही केंद्राच्या अधिकृत भाषा झाल्या. याचा अर्थ प्रत्येक सरकारी नोकराला दोन्ही यायला हव्यात, असा तिथं लावला नाही. प्रत्येक पदाचं आधी वर्गीकरण होतं. हे पद फक्त इंग्रजीचं, हे फक्त फ्रेंचचं, इथं दोन्हीपैकी कोणतीही चालेल आणि इथं दोन्ही लागतील. जिथं दोन्ही लागतात तिथं किती लागतात, त्याच्याही पायऱ्या आहेत. वाचणं, लिहिणं आणि बोलणं यांची पातळी वेगवेगळी ठरवतात. काही पदांवर आधी नेमणूक देऊन भाषा शिकायला दोन वर्षांपर्यंत मुदत देता येते. आणि दोन भाषा वापरणाऱ्या पात्र कर्मचाऱ्याला वर्षाला ८०० डॉलरचा भत्ता मिळतो.

तिथं तक्रारी नाहीत असं नाही. फ्रेंच न येणाऱ्यांना बढत्या अडल्यासारखं वाटतं, फ्रेंचवाल्यांना आपली भाषा कागदावरच आहे असं वाटतं. पण ‘फ्लुएंट असणे आवश्यक’ असं सरसकट लिहून मोकळं होण्यापेक्षा हे केव्हाही बरं. आपल्या जाहिरातीत ‘फ्लुएंट’ म्हणजे नेमकं किती, ते कुणीच सांगत नाही. ठरवतो तो समोर बसलेला माणूस.

‘कम्युनिकेशन स्किल’ नावाचा पडदा

इथं खासगी नोकरीचं वेगळं सांगायला हवं. कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे. खासगी मालकाला ते लागू होत नाही आणि आपल्यासाठी बहुतेक नोकऱ्या तिथंच आहेत.

मी स्वतः लातूरला एका ठिकाणी डेटा एंट्रीच्या कामासाठी गेले होते. फॉर्म मराठीत, टायपिंग मराठीत. मुलाखतीची सुरुवात ‘इंट्रोड्यूस युवरसेल्फ’नं झाली. मी पाठ केलेली चार वाक्यं बोलले, पाचव्याला अडले. टायपिंग घ्यायची वेळच आली नाही. नंतर कळलं, कारण होतं ‘कम्युनिकेशन स्किल’. मराठीत संवाद साधता येणं हे कम्युनिकेशन नसतं का, हा प्रश्न मला बसमध्ये बसल्यावर सुचला. असे प्रश्न नेहमी बसमध्येच सुचतात.

यात मालकाची बाजूही आहे. एका पदाला शेकड्यानं अर्ज आले की गाळायला काहीतरी चाळणी लागते. इंग्रजी ही सगळ्यात स्वस्त चाळणी. दोन मिनिटांत माणूस बाद करता येतो. शिवाय उद्या हा मुलगा पुण्याच्या ऑफिसला फोन करेल, मेल लिहील, हेही खरं. पण या चाळणीतून टायपिंग येणारा, हिशेब येणारा, गिऱ्हाईक सांभाळणारा माणूस खाली पडतो आणि मालकाचंही नुकसान होतं. कोण कुठल्या शाळेत शिकला हे भाषेवरून कळतं, तो काम कसा करेल हे नाही.

आणि आपलं काय? आपणही आपल्या भाषांना कमी लेखतो. औराद शहाजानीच्या बाजारात बसणारा व्यापारी सकाळपासून मराठी, कन्नड, दखनी आणि अधूनमधून तेलुगूतही सौदे करतो. त्याच्या मुलाचा बायोडाटा बघा. ‘लँग्वेजेस नोन : मराठी, हिंदी, इंग्लिश.’ कन्नड गायब. कारण कन्नड घरात शिकली, तिचं सर्टिफिकेट नाही. लातूरच्या दवाखान्यांत सीमेपलीकडून पेशंट येतात. तिथल्या रिसेप्शनला इंग्रजीपेक्षा कन्नड बोलणारा माणूस जास्त उपयोगाचा. पण जाहिरातीत ती अट नसते आणि बायोडाट्यात ती भाषा नसते. दोघांचीही चूक होते.

मग ठरवायचं कसं?

माझ्यापुरतं उत्तर असं आहे. अट कोणत्या भाषेची आहे यावर ती न्याय्य की अन्याय्य हे ठरत नाही. काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला ती भाषा लागते का, यावर ठरतं. आजीला मराठी लागते, म्हणून बँकेत मराठी हवी. भालकीच्या म्हातारीला कन्नड लागते, म्हणून तिथं कन्नड हवी. वसुलीच्या रस्त्यावर इंग्रजी कुणालाच लागत नाही, म्हणून तिथं ती अट अडवणूक आहे. आणि गरज असली तरी शिकायला वेळ न देता दारच बंद करणं बरोबर नाही.

पुढच्या वेळी ग्रुपवर जाहिरात पडेल तेव्हा तिला नावं ठेवण्याआधी खालची चौकट लावून बघा. आणि आज घरी गेल्यावर बायोडाट्याची फाइल उघडा. येत असेल तर कन्नड लिहा, तेलुगू लिहा, उर्दू लिहा, तांड्यावरची गोरमाटी लिहा. जी भाषा बोलून तुम्ही एखाद्याचं काम करू शकता, ती तुम्हाला ‘येते’. सर्टिफिकेट नसलं तरी.

चौकट : जाहिरात वाचताना पाच प्रश्न

१. या कामात ही भाषा कुणाशी बोलायला लागणार? गिऱ्हाईकाशी, साहेबाशी, की कुणाशीच नाही?

२. किती लागणार? वाचता येणं पुरेल, बोलता यायला हवं, की लिहिताही यायला हवं?

३. पहिल्या दिवशीच लागणार, की चार-सहा महिन्यांत शिकता येईल? मुलाखतीत हे स्पष्ट विचारा, विचारण्यात काही चूक नाही.

४. भाषा तपासायची पद्धत सगळ्यांना सारखी आहे का, की काहींची सुटका घरच्या भाषेवर होते?

५. हीच अट उलट्या बाजूनं, दुसऱ्या राज्यात, तुमच्या भाषेविरुद्ध लावली तर तुम्हाला ती पटेल का?